आवाज बदलायचा की वाढवायचा?

बुलेटच्या सायलेन्सरांच्या बाजारात मोठी मजेदार नावे चालतात. पंजाब, डॉल्फिन, गोल्डस्टार, मेगाफोन. त्यातच एक नाव आपल्या अंगणातले आहे, 'इंदोरी'. इंदूरची शेव आणि पोहे-जिलबी सगळ्यांना ठाऊक असते, पण इंदूरच्या नावाने सायलेन्सरही विकला जातो हे आपल्या घरातल्या मोठ्यांना सहसा माहीत नसते. मुलांना मात्र नेमके तेच माहीत असते. धारहून देवासला जायचे तर वाटेत इंदूर लागतेच, आणि पार्टच्या दुकानापुढे गाडी थांबवायला तेवढे निमित्त पुरते.

माझा धारचा भाचा असाच थांबला होता. वय २३, पिथमपूरला एका कारखान्यात नोकरी, आणि पहिल्या वर्षाच्या पगारातून घेतलेली २०१४ची सेकंडहँड बुलेट. तिचा सायलेन्सर आतून गंजलेला, हलवला की खडखडणारा. म्हणजे तो बदलायचा होताच, प्रश्न कुठला लावायचा एवढाच होता. भाच्याने दुकानातल्या तीन सायलेन्सरांचे फोटो मला पाठवले आणि खाली लिहिले, 'मामा, यातला कुठला घेऊ?' मी मेकॅनिकलमध्ये बीई केले आणि पोट सॉफ्टवेअरवर भरतो. त्यामुळे घरात कुणाचा लॅपटॉप बिघडला तरी मला विचारतात आणि गाडी बिघडली तरी मलाच विचारतात.

मी त्याला उलट विचारले, 'तुला आवाज बदलायचा आहे की वाढवायचा आहे?' त्याला हा एकच प्रश्न वाटला. मला ते दोन वाटतात. त्यांतला फरक नीट कळला तर पैसे, लायसन्स आणि शेजाऱ्यांशी असलेले संबंध असे तिन्ही वाचते. आपल्या मंडळातल्या ज्या घरांत सध्या याच विषयावरून बाप-लेकात धुसफूस चालू आहे, त्या घरांतल्या दोन्ही बाजूंसाठी हा लेख आहे.

हौस खोटी नाही

आधी मोठ्यांसाठी दोन शब्द. गाडीच्या आवाजावर जीव असणे हा निव्वळ पोरकटपणा नाही. अमेरिकेतल्या हार्ले-डेव्हिडसन कंपनीने १९९४ मध्ये आपल्या इंजिनाच्या आवाजालाच ट्रेडमार्क मिळावा म्हणून अर्ज केला होता. इतर कंपन्यांनी हरकती घेतल्या, प्रकरण रेंगाळले आणि २००० मध्ये हार्लेने तो मागे घेतला. पण नाव आणि चिन्ह यांच्यासारखाच आवाजही आपला आहे असे एका कंपनीला वाटले, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

आपल्या धार जिल्ह्याचा तर या गोष्टीशी थेट संबंध आहे. पिथमपूरच्या कारखान्यात एकेकाळी कायनेटिक होंडा स्कूटर बनत. पुण्याच्या फिरोदियांची कंपनी ती. पुढे २००८ मध्ये कायनेटिकचा दुचाकींचा व्यवसाय महिंद्राकडे गेला आणि २०१८ मध्ये 'जावा' मोटरसायकल पुन्हा बाजारात आली ती पिथमपूरमध्येच बनून. आपल्या वडिलांच्या पिढीने पाहिलेली मैसूरची जावा टू-स्ट्रोक होती आणि तिला डावी-उजवीकडे दोन सायलेन्सर असत. नव्या जावाचे इंजिन फोर-स्ट्रोक, सिलिंडर एकच. त्याला एक सायलेन्सर सहज पुरला असता. तरी जावाची ओळख जपायची म्हणून दोन ठेवले. २०२० मध्ये बीएस-६ चे कडक प्रदूषण नियम आले, तेव्हा हे दोन्ही पाईप टिकवण्यासाठी इंजिनातून धूर बाहेर पडण्याच्या वाटांची मांडणी नव्याने केली गेली. जुन्या रूपावर आणि आवाजावर लोकांचा जीव आहे हे इंजिनिअर मंडळींनाही मान्य आहे. म्हणून मुलाने सायलेन्सरचे नाव काढले की लगेच 'शिंगे फुटली' म्हणू नका. तो काय शोधतो आहे ते आधी विचारा.

लय इंजिनाची, रंग सायलेन्सरचा

आता मुलांसाठी. बुलेटचा तो 'डुग-डुग' येतो कुठून?

फोर-स्ट्रोक इंजिनात एका सिलिंडरमध्ये दर दोन फेऱ्यांना एकदा पेट्रोल पेटते. जुन्या ३५० बुलेटचा सिलिंडर ७० मिलिमीटर रुंद आणि पिस्टनचा प्रवास ९० मिलिमीटर, म्हणजे लांब दांडीचे, संथ इंजिन. गाडी उभी असताना ते मिनिटाला समजा ९०० फेऱ्या घेत असेल, तर मिनिटाला ४५० स्फोट, म्हणजे सेकंदाला साडेसात. माणसाच्या कानाला सेकंदाला साधारण २० पर्यंतचे ठोके सुटे-सुटे ऐकू येतात. त्यापुढे ते एकमेकांत मिसळतात आणि त्यांचा सूर होतो. म्हणून उभ्या बुलेटची आपल्याला लय ऐकू येते. तीच गाडी ३००० फेऱ्यांवर धावू लागली की सेकंदाला २५ ठोके होतात आणि लयीचा सूर बनतो.

मी देवासला वाढलो. तिथल्या माणसाला ही गोष्ट समजावणे सोपे जाते, कारण तिथे अजूनही कुणी ना कुणी कुमार गंधर्वांच्या आठवणी सांगणारे भेटते. कुमारजी १९४८ मध्ये क्षयाच्या आजारात हवापालटासाठी देवासला आले. काही वर्षे गाणे पूर्ण बंद होते. त्या काळात ते आसपासची माळवी लोकगीते ऐकत राहिले, आणि ते ऐकणे पुढे त्यांच्या गाण्यात उतरले. त्यांच्या तानपुऱ्याच्या जुळणीविषयी जाणकार आजही बोलतात. तानपुऱ्याची एकच तार छेडली तरी तिच्यातून मूळ सुराबरोबर वरचे कितीतरी स्वर निघतात. जवारी लावणारा त्या वरच्या स्वरांतले कुठले फुलवायचे आणि कुठले दाबायचे ते ठरवतो. तार तीच, तिचा ताण तोच, पण रंग बदलतो.

सायलेन्सर नेमके हेच करतो. इंजिन तारेच्या जागी आणि सायलेन्सर जवारीच्या. ठोके किती आणि किती अंतराने पडणार ते इंजिन ठरवते. सायलेन्सर त्या ठोक्यांतले कुठले स्वर बाहेर सोडायचे तेवढे ठरवतो. म्हणून १२५ सीसीच्या गाडीला कितीही मोठा नळकांडा लावला तरी ती बुलेट होत नाही. ती मोठ्याने ओरडणारी १२५ होते.

आत काय असते?

सायलेन्सर कापून पाहिला तर दोनपैकी एक रचना दिसते, कधी दोन्ही एकत्र.

पहिल्या प्रकारात आत कप्पे असतात. धूर एका कप्प्यातून दुसऱ्यात, भोकांच्या नळीतून तिसऱ्यात असा वळणे घेत जातो. ध्वनीच्या लाटा पत्र्यावर आपटून परत येतात आणि येणाऱ्या लाटांशी टक्कर होऊन एकमेकींना मारतात. कप्प्यांची लांबी-रुंदी इंजिनाच्या हिशेबाने ठरवलेली असते. कंपन्यांचे मूळ सायलेन्सर बहुधा याच प्रकारचे असतात. कर्कश स्वर मरतात आणि खालचा भरीव आवाज उरतो.

दुसऱ्या प्रकारात एक सरळ, भोके असलेली नळी असते आणि तिच्याभोवती काचेचा किंवा स्टीलचा लोकर भरलेला असतो. हा लोकर वरचे, टोकदार स्वर शोषून घेतो. यालाच दुकानात 'फ्री फ्लो' म्हणतात. हा लोकर काळाने जळतो, उडून जातो. म्हणून घेताना बरा वाटलेला आवाज वर्षा-दोन वर्षांत फाटका होत जातो. पुष्कळशा अशा सायलेन्सरांच्या तोंडाशी एका बोल्टने बसवलेली छोटी नळी असते, तिला 'डीबी किलर' म्हणतात. दुकानदार हळूच सांगतो की हा बोल्ट काढला की खरी मजा. तो बोल्ट काढला की उरतो नुसता पाईप.

आणि तिसरा प्रकार म्हणजे आत काहीच नसलेले नळकांडे. बाहेरून चकचकीत, आतून पोकळ. बाजारातले कितीतरी स्वस्त सायलेन्सर या जातीचे असतात. जवारीच्या उपमेत बोलायचे तर इथे जवारी लावणाराच गायब असतो. चांगले-वाईट सगळे स्वर जसेच्या तसे बाहेर फेकले जातात. आवाज बदलत नाही, फक्त वाढतो.

पिथमपूरचा कान

गाडीचा आवाज मोजतात कसा, हे पाहायला आपल्याला फार लांब जायला नको. पिथमपूरला नॅट्रॅक्स ही वाहनांच्या चाचण्यांची राष्ट्रीय संस्था आहे. २९ जून २०२१ रोजी तिथल्या ११.३ किलोमीटरच्या हाय-स्पीड ट्रॅकचे उद्घाटन झाले तेव्हा तो आशियातला सर्वांत लांब म्हणून बातम्यांत गाजला. त्याच आवारात आवाज मोजण्यासाठीही वेगळा ट्रॅक आहे. अशा ट्रॅकचा पृष्ठभाग खास असतो, टायरचा आवाज इंजिनाच्या आवाजात कमीत कमी मिसळावा म्हणून.

चाचणीची पद्धत समजायला सोपी आहे. गाडी ठरावीक वेगाने येते, मधल्या २० मीटरमध्ये थ्रॉटल पूर्ण पिळतात, आणि दोन्ही बाजूंना मध्यरेषेपासून साडेसात मीटरवर ठेवलेले मायक्रोफोन सर्वांत मोठा आवाज टिपतात. आपल्या देशात २००५ पासून लागू झालेल्या मर्यादा अशा आहेत: ८० सीसीपर्यंतच्या दुचाकीला ७५ डेसिबल, ८० ते १७५ सीसीला ७७ आणि १७५ सीसीच्या वर ८०. नवी गाडी विक्रीला येते ती या परीक्षेतून पास होऊन. मूळ सायलेन्सर काढला की तो निकाल त्या गाडीला लागू राहत नाही.

ही साडेसात मीटरची अट लक्षात ठेवा. मोबाईल सायलेन्सरच्या तोंडाशी धरून '८० च्या वर गेला' किंवा '८० च्या आत आहे' असे ठरवता येत नाही. शिवाय मोबाईलचे अ‍ॅप खरे डेसिबल सांगेल याची खात्री नसते. त्याचा उपयोग फक्त तुलनेला. तोच मोबाईल, तीच जागा, इंजिनाच्या तेवढ्याच फेऱ्या ठेवून जुना आणि नवा सायलेन्सर मोजला तर आवाज किती वाढला याचा अंदाज येतो.

दहा डेसिबल म्हणजे दहा बुलेट

८० चे ९० झाले, तर त्यात काय मोठेसे, असे वाटते. आकड्यांची ही फसवणूक आहे. डेसिबलचे माप सरळ पट्टीसारखे नसते. ३ डेसिबल वाढले की आवाजाची ऊर्जा दुप्पट होते आणि १० वाढले की दहापट. ८० डेसिबलच्या दहा बुलेट एकाच वेळी समोरून गेल्या तर मोजमाप ९० येते. म्हणजे ९० डेसिबलची एक गाडी गल्लीतून नेणे हे दहा गाड्या एकदम नेण्यासारखे आहे. आपल्या कानाला ते दहापट वाटत नाही, साधारण दुप्पट वाटते. त्यामुळे गाडीवर बसलेल्याला आपण काय करतो आहोत याचा अंदाजच येत नाही.

मोकळ्या मैदानात अंतर दुप्पट झाले की साधारण ६ डेसिबल कमी होतात. गल्लीत तसे होत नाही. दोन्ही बाजूंच्या भिंती आवाज परत फेकतात आणि तो गल्लीच्या टोकापर्यंत वाहत जातो.

चालवणाऱ्याच्या कानाचाही हिशेब आहे. अमेरिकेतल्या कामगार-आरोग्य संस्थेची शिफारस अशी की ८५ डेसिबलच्या आवाजात दिवसाला ८ तासांपेक्षा जास्त राहू नये, आणि पुढे दर ३ डेसिबलला ही वेळ निम्मी करावी. ८८ ला ४ तास, ९१ ला २, ९४ ला एक आणि १०० ला केवळ १५ मिनिटे. जो मुलगा धार ते पिथमपूर रोज जातो-येतो, त्याने हा हिशेब एकदा स्वतः मांडून पाहावा. कानाच्या आतल्या पेशी एकदा मेल्या की पुन्हा येत नाहीत.

माईंनी सांगितलेली गोष्ट

हे सगळे आकडे मी भाच्याला फोनवर सांगितले. तो 'हो मामा, हो मामा' म्हणत राहिला. पटले ते मात्र वेगळ्याच कारणाने.

ताईचे घर जुन्या धारमध्ये आहे. गल्ली एवढी अरुंद की समोरच्या ओट्यावरचे बोलणे आपल्या स्वयंपाकघरात ऐकू येते. भाच्याची दुसरी पाळी असली की तो मध्यरात्रीच्या सुमाराला घरी पोहोचतो. ताईच्या सासूबाई, माई, तोवर जाग्याच असतात. कोपऱ्यावर गाडी वळली की त्या आवाज ओळखतात आणि उठून कडी काढतात. फोन नाही, हॉर्न नाही. समोरच्या घरातल्या काकांचे नुकतेच हृदयाचे ऑपरेशन झाले होते, म्हणून भाचा गल्लीत शिरला की थ्रॉटल सोडून गाडी नुसती घरंगळत आणायचा.

एका रात्री भाच्याची गाडी गॅरेजमध्ये होती आणि त्याचा मित्र त्याला सोडायला आला. मित्राच्या गाडीला पोकळ नळकांडे. गल्लीतले कुत्रे उठले, समोरच्या घरातला दिवा लागला आणि माई काही दाराशी आल्या नाहीत. भाच्याने कडी वाजवली तेव्हा त्या म्हणाल्या, 'अरे, तू आहेस होय? या आवाजात कोण आलं ते कळतच नाही. नुसतं कुणीतरी आलं, एवढंच कळतं.'

दुसऱ्या दिवशी त्याने हे मला सांगितले. मी त्यात काही भर घातली नाही. ज्या मुलाला आपल्या गाडीचा आवाज 'आपला' हवा आहे, त्याच्यासाठी त्या वाक्यात सगळेच आले होते. कर्कश गाड्या एकमेकींसारख्याच ऐकू येतात. वेगळेपण ऐकू यायला आवाज थोडा आटोक्यात असावा लागतो.

कायदा काय म्हणतो?

गंजलेला सायलेन्सर बदलू नका असे कायदा म्हणत नाही. उलट केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२० वा नियम सांगतो की प्रत्येक गाडीला आवाज शक्य तितका कमी करणारा सायलेन्सर असलाच पाहिजे. म्हणून पोकळ नळकांडे हे नियमाच्या भाषेत सायलेन्सरच नव्हे.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार निर्मात्याने ठरवलेल्या तपशिलांशी विसंगत असे बदल मालकाला करता येत नाहीत. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हे स्पष्ट केले. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलाला कलम १८२-अ खाली प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. आवाज आणि हवेच्या प्रदूषणाचे निकष मोडले तर कलम १९०(२) आहे. त्यात पहिल्या गुन्ह्याला १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, आणि शिवाय ३ महिने लायसन्स धारण करण्यास अपात्रता. दंड भरून सुटता येईल, पण ज्याची नोकरी गाडीवर अवलंबून आहे त्याला तीन महिने गाडीविना काढायचे म्हणजे काय, ते त्यालाच ठाऊक. पोलिसांनी जप्त केलेल्या सायलेन्सरांवर रोडरोलर फिरवल्याचे व्हिडिओ तर आपण सगळ्यांनीच पाहिले आहेत.

१ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांत आणखी एक गोष्ट आहे. त्यांच्या पाईपमध्ये किंवा सायलेन्सरमध्येच धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो आणि पाईपवर ऑक्सिजन सेन्सर असतो. बाहेरचा पूर्ण सेट बसवताना कन्व्हर्टर गेला तर धुराचे प्रमाण वाढते, सेन्सरचा हिशेब चुकतो आणि मीटरवर इंजिनाचा दिवा लागतो. वॉरंटीच्या वेळी कंपनी बोट ठेवते ते याच जागी.

आणि 'फटाके'? चालत्या गाडीची किल्ली बंद-चालू केली की न जळलेले पेट्रोल गरम सायलेन्सरमध्ये जाऊन पेटते. तो इंजिनाचा जोर नव्हे, वाया गेलेल्या पेट्रोलचा स्फोट आहे. त्यात सायलेन्सर आणि कन्व्हर्टर दोघांचेही आयुष्य कमी होते.

मग निवडायचा कसा?

भाच्याला मी जी यादी करून दिली तीच इथे देतो.

पहिले, जुन्या सायलेन्सरचा आवाज नक्की का बिघडला ते शोधा. इंजिन आणि बेंड पाईप यांच्यामधले गॅस्केट फुटलेले असेल तर 'फट-फट' येतो. क्लॅम्प सैल असेल तर खणखण येते. सैल पत्रा, कोरडी चेन, ढिले लेगगार्ड हे सगळे आपापला आवाज मिसळत असतात. हे आधी नीट करा. अनेकदा इंजिनाचा मूळ आवाज इथेच पहिल्यांदा मोकळा ऐकू येतो.

दुसरे, सायलेन्सर बदलायचाच असेल तर आधी आपल्या मॉडेलचा कंपनीचा मूळ पार्ट पाहा. कंपनीच्या अधिकृत अ‍ॅक्सेसरीत दुसरा पर्याय असेल तर तो आपल्या मॉडेलसाठी, रस्त्यावर वापरायला मान्य आहे का ते लेखी विचारा. बाहेरच्या सायलेन्सरवर 'ओन्ली फॉर ट्रॅक यूज' असे बारीक अक्षरांत असते, ते वाचा.

तिसरे, मान्यतेचा कागद मागा. तुमचे मॉडेल, सायलेन्सरचा नंबर आणि चाचणी करणाऱ्या संस्थेचे नाव त्यावर हवे. 'सगळ्या गाड्यांना बसतो' असे सांगून मिळणारा सायलेन्सर कुठल्याच गाडीसाठी बनवलेला नसतो.

चौथे, आत डोकावून पाहा. मोबाईलचा टॉर्च लावला आणि एका टोकातून दुसऱ्या टोकाची उघडीप दिसली, भोवती लोकरही नाही, तर तो परत ठेवा.

पाचवे, दुकानात उभ्या गाडीला रेस देऊन ठरवू नका. दुकानातले ते अर्धे मिनिट तुमच्या वाट्याला पुन्हा येत नाही. रोज वाट्याला येतो तो एका वेगाने तासभर चालणाऱ्या गाडीचा आवाज. त्याच वेगाला काही सायलेन्सर घुमू लागतात आणि डोके धरते. तोच सायलेन्सर लावलेली कुणाची गाडी मिळाली तर अर्धा तास रस्त्यावर चालवून पाहा.

सहावे, मूळ सायलेन्सर ठीक असेल तर भंगारात देऊ नका. गाडी विकताना तोच पहिला विचारला जातो.

आणि सातवे मी नंतर जोडले. घरातल्या एका माणसाला गल्लीच्या कोपऱ्यावर उभे करा, गाडी नेहमीच्या वेगाने आणा आणि त्याला काय ऐकू आले ते विचारा. गाडीचा आवाज चालवणाऱ्यापेक्षा इतरांनाच जास्त ऐकू येतो, तेव्हा निवडीत त्यांचेही एक मत असू द्यावे.

भाच्याने शेवटी बेंड पाईपचे गॅस्केट आणि क्लॅम्प बदलले, चेन साफ करून ताणून घेतली आणि कंपनीचा मूळ नवा सायलेन्सर लावला. तीन फोटोंतला एकही नाही. गंजलेल्या पत्र्याची किरकिर गेल्यावर त्या गाडीतून खालचा, भरलेला ठोका निघू लागला, जो त्याने ती विकत घेतल्यापासून ऐकलाच नव्हता. 'मामा, आवाज बदलला,' असे त्याने लिहिले. वाढला नाही, बदलला.

आपल्या मंडळाच्या पुढच्या स्नेहसंमेलनाला देवासला दहा-पंधरा बुलेट आणि जावा नक्की येतील. त्यांच्या मालकांना माझी एक विनंती आहे. जेवणे झाल्यावर एकेकाने गाडी सुरू करावी, रेस न देता, नुसती उभी ठेवून, आणि बाकीच्यांनी डोळे मिटून कुठली कोणाची ते ओळखावे. ज्याची गाडी पटकन ओळखू येईल त्याने चांगला सायलेन्सर निवडला असे समजू.